रेनहॅम हॉलची ब्राऊन लेडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिन्यावरून उतरणारी धूसर बाई, हा काळा-पांढरा फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेला असणारच, व्हॉट्सअ‍ॅपवर तर "भुताचा खराखुरा फोटो" म्हणून तो अधूनमधून फिरतच असतो. सोबत जी माहिती येते ती बऱ्याचदा अर्धवट असते, आणि ज्या बाईचं ते भूत म्हणतात तिच्या आयुष्याबद्दल तर कुणी दोन ओळीसुद्धा लिहीत नाही. मला या बाईबद्दल मनापासून वाटतं, म्हणून नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र घेतलेत.

हे रेनहॅम हॉल आहे तरी कुठे?

इंग्लंडच्या पूर्वेला नॉरफोक म्हणून काउंटी आहे, सपाट शेतजमीन, मोठं आभाळ, मधूनमधून चर्चचे मनोरे. तिथे फेकनम गावाजवळ ईस्ट रेनहॅम नावाचं खेडं आहे आणि तिथेच हा वाडा. सर रॉजर टाऊनशेंडने १६१९ मध्ये बांधायला काढला, त्यासाठी तो आपल्या गवंड्याला बरोबर घेऊन युरोपात इमारती बघून आला होता, त्यामुळे घराला डच पद्धतीचे वळणदार त्रिकोणी माथे आहेत, त्या काळच्या इंग्लंडमध्ये असं घर म्हणजे नवलच. पुढे शंभरेक वर्षांनी विल्यम केंट या नावाजलेल्या डिझायनरने आतल्या खोल्या नव्याने सजवल्या. घर आजही टाऊनशेंड घराण्याकडेच आहे.

ब्राऊन लेडी म्हणजे नक्की कोण?

डॉरोथी वॉलपोल. जन्म १६८६. तिचा भाऊ रॉबर्ट वॉलपोल म्हणजे ज्याला ब्रिटनचा पहिला पंतप्रधान मानतात तोच. वॉलपोलांचं हॉटन हे गाव रेनहॅमपासून दहाएक किलोमीटरवर, म्हणजे दोन्ही घराणी शेजारीच, आणि चार्ल्स टाऊनशेंडचे वडील लवकर वारले तेव्हा त्याचा पालक म्हणून डॉरोथीचे वडीलच होते. असं सांगतात की चार्ल्सचं आधीपासून तिच्यावर मन होतं, पण पालकानेच आपली मुलगी दिली तर लोक म्हणतील पोराच्या इस्टेटीवर डोळा आहे, म्हणून तेव्हा लग्न झालं नाही. चार्ल्सने दुसरीकडे लग्न केलं, ती पहिली बायको एलिझाबेथ पेलहॅम १७११ मध्ये गेली, आणि १७१३ मध्ये चार्ल्स आणि डॉरोथीचं लग्न झालं. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती.

ब्राऊन हे नाव नंतरचं, ज्यांनी ज्यांनी पाहिलं म्हणून सांगितलं त्यांनी तिच्या अंगावर तपकिरी रंगाचा जरीकामाचा झगा होता असं सांगितलं म्हणून.

आणि तिचा नवरा? तो कोण होता?

चार्ल्स, दुसरा व्हायकाउंट टाऊनशेंड. राजकारणात मोठा माणूस, मेव्हण्याच्या बरोबरीने देश चालवणारा मंत्री. १७३० मध्ये मेव्हण्याशीच बिनसलं आणि राजीनामा देऊन गावी येऊन शेती करत बसला. सलगम आणि क्लोव्हर घालून पिकांची चार वर्षांची फेरपालट, गहू, सलगम, बार्ली, क्लोव्हर, याचा त्याने इतका प्रचार केला की लोक त्याला "टर्निप टाऊनशेंड" म्हणायला लागले. जमीन पडीक न ठेवता कस टिकवायचा आणि वर जनावरांना हिवाळ्यात चारा मिळवायचा, ही ती पद्धत. शाळेत इंग्लंडच्या कृषिक्रांतीच्या धड्यात याच्याबद्दल वाचलं असेल तर तो हाच.

त्याने डॉरोथीला खोलीत कोंडून ठेवलं होतं, हे खरं का?

हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो. दंतकथा अशी की लग्नाआधी डॉरोथीचे लॉर्ड व्हार्टनशी संबंध होते, हा व्हार्टन बायकांच्या बाबतीत बदनामच होता, नवऱ्याला ते कळलं, त्याने रागाने तिला वाड्यातल्या खोलीत डांबलं, मुलांनासुद्धा भेटू दिलं नाही आणि ती झुरून झुरून गेली. कुणी म्हणतं जिन्यावरून ढकललं. कुणी तर म्हणतं अंत्यविधी खोटा होता आणि ती पुढे कित्येक वर्षं आत जिवंत होती.

आता तारखा लावून बघा. व्हार्टन १७१५ मध्येच वारला, म्हणजे डॉरोथीच्या लग्नानंतर दोनच वर्षांनी, आणि ती त्यानंतर अकरा वर्षं जगली. त्यातली शेवटची पाच वर्षं तिचा सख्खा भाऊ देशातला सगळ्यात ताकदवान माणूस होता, गाव शेजारचं, आणि नवरा त्याच्याच बरोबर सरकारात बसलेला. अशा बाईला वर्षानुवर्षं कोंडून ठेवायचं आणि भावाला पत्ता लागू द्यायचा नाही, हे मला पटत नाही. नवरा तापट होता असं त्या काळचे लोक सांगतात, संसार सुखाचा होता की नाही हे बाहेरून कोण सांगणार, पण कोंडून ठेवल्याचा पुरावा म्हणून दाखवावं असं काही माझ्या वाचनात आलेलं नाही.

मग ती गेली कशाने?

देवीच्या रोगाने. २९ मार्च १७२६. वय चाळिशीच्या आत.

मला या गोष्टीतली खरी चटका लावणारी जागा ही वाटते. कारण तिच्या मृत्यूच्या पाचच वर्षं आधी, १७२१ मध्ये, लंडनमध्ये लेडी मेरी वर्टली मॉन्टॅग्यूने आपल्या लहान मुलीला देवी टोचून घेतल्या होत्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे ती तुर्कस्तानात राहिली होती, तिथल्या बायका देवीच्या फोडातला पू काट्याने किंवा सुईने निरोगी माणसाला टोचतात आणि मग ताप येतो पण माणूस सहसा वाचतो, हे तिने स्वतः पाहिलं होतं, आणि १७२२ मध्ये राजघराण्यातल्या मुलींनासुद्धा टोचलं गेलं. ही लेडी मेरी आणि डॉरोथी एकाच वर्तुळातल्या. म्हणजे उपाय आला होता, ओळखीच्याच माणसांत होता, पण डॉक्टर आणि पाद्री त्याच्या विरोधात बोलत होते, लोक घाबरत होते, फार थोड्यांनी टोचून घेतलं. जेनरची लस यायला तर अजून सत्तर वर्षं होती.

आणि असं बघा, देवी आलेल्या माणसाची खोली वेगळी, तिथे मुलांना सोडत नाहीत, दार बंद, गेल्यावर घाईने पुरायचं. नोकरांनी बाहेरून एवढंच पाहिलं असेल तर "बाईसाहेबांना कोंडलंय, पोरांना भेटू देत नाहीत" ही गोष्ट तिथूनच निघाली असावी असं मला वाटतं. हा माझा अंदाज आहे, पण कोंडण्याच्या दंतकथेपेक्षा तो मला जास्त माणसासारखा वाटतो.

पहिल्यांदा कुणाला दिसली?

लिहून ठेवलेल्या गोष्टींत सगळ्यात जुनी आणि नीट अशी १८३५ च्या ख्रिसमसची. लॉर्ड चार्ल्स टाऊनशेंडने वाड्यावर पाहुणे बोलावले होते. रात्री झोपायला जाताना कर्नल लॉफ्टस आणि हॉकिन्स नावाचे दोन पाहुणे आपापल्या खोल्यांकडे चालले होते, तेव्हा त्यांना तपकिरी झग्यातली एक बाई दिसली आणि जवळ जाईपर्यंत नाहीशी झाली. दुसऱ्या संध्याकाळी लॉफ्टसला ती पुन्हा दिसली, यावेळी समोरून, चेहऱ्यावर उजेड पण डोळ्यांच्या जागी नुसत्या खाचा. हे कळल्यावर काही नोकर काम सोडून गेले म्हणतात. ही हकिगत लुशिया स्टोन या बाईंनी नोंदवली.

यात लक्षात घ्यायचं ते असं की डॉरोथीला जाऊन तोपर्यंत शंभरपेक्षा जास्त वर्षं झाली होती. तिला जिवंतपणी पाहिलेलं कुणीही उरलेलं नव्हतं. ओळख पटली ती भिंतीवरच्या तसबिरीवरून, आणि तसबीर दिवसभर डोळ्यांसमोर असलेल्या घरात रात्री मेणबत्तीच्या उजेडात काय दिसेल याचा विचार ज्याने त्याने करावा.

कॅप्टन मॅरियटने भुतावर गोळी झाडली ती गोष्ट काय आहे?

ही माझी सगळ्यात आवडती. फ्रेडरिक मॅरियट, नौदलातला कॅप्टन आणि समुद्रावरच्या कादंबऱ्या लिहिणारा, १८३६ च्या सुमाराची गोष्ट. त्याला संशय होता की भूतबित काही नाही, नॉरफोकचा किनारा जवळ आहे, चोरटा माल आणणारे लोक वाडा रिकामा राहावा म्हणून अफवा पिकवतायत. म्हणून त्याने मुद्दाम डॉरोथीची तसबीर असलेली खोली मागून घेतली आणि उशाला भरलेलं पिस्तूल ठेवून झोपला. दोन रात्री काहीच नाही.

तिसऱ्या रात्री घरातली दोन तरुण पोरं त्याला लंडनहून आलेली नवी बंदूक बघायला बोलवायला आली. तो पिस्तूल हातात घेऊन गेला, परत येताना पोरं सोबत निघाली, लांब अंधारा बोळ, आणि समोरून दिवा घेऊन एक बाई येताना दिसली. मॅरियट अर्धवट कपड्यांत होता, बाईमाणसासमोर असं कसं जायचं म्हणून तिघं बाजूच्या खोलीच्या दारामागे सरकले. फटीतून बघतो तर झगा तसबिरीतलाच. ती दारासमोर आली, थांबली, दिवा स्वतःच्या चेहऱ्यापाशी धरला आणि त्याच्याकडे बघून अशी काही कुत्सित हसली की तो बाहेर उडी मारून आला आणि तोंडावरच गोळी झाडली. बाई नाहीशी. गोळी समोरच्या खोलीच्या दारात रुतलेली.

गोष्ट ऐकायला जबरदस्त आहे, पण ती आपल्याला कुणाकडून कळली तेही बघा. मॅरियटची मुलगी फ्लॉरेन्स हिने ती १८९१ मध्ये छापली. बाप १८४८ मध्ये गेलेला, घटना घडली तेव्हा ही तीन वर्षांची, आणि मोठेपणी ती स्वतः मृतात्म्यांशी बोलण्याच्या बैठकांना जाणारी, त्यावर ठाम विश्वास असलेली. घरात वारंवार सांगितली गेलेली बापाची गोष्ट पन्नासेक वर्षांनी मुलीने लिहिली की तिला धार येतेच. ती खोटं बोलली असं मी म्हणणार नाही.

मधल्या काळात काहीच नाही का?

तुरळक. १९२६ मध्ये लेडी टाऊनशेंडने सांगितलं की तिच्या मुलाला आणि त्याच्या मित्राला जिन्यावर बाई दिसली, आणि मुलांनी ती तसबिरीवरून ओळखली. मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता. याच लेडी टाऊनशेंड, ग्लॅडिस, यांनी १९३६ मध्ये एका सहलेखिकेबरोबर भुतांच्या खऱ्या गोष्टींचं पुस्तकसुद्धा काढलं. त्याच वर्षी तो फोटो आला. यातून कट होता असं सिद्ध होत नाही, पण घरात त्या वर्षी भुताचा विषय चांगलाच ताजा होता एवढं नक्की.

तो फेमस फोटो नेमका कसा काढला गेला?

१९ सप्टेंबर १९३६, दुपारी चारच्या सुमारास. कॅप्टन प्रोव्हँड आणि त्यांचा सहकारी इंद्रे शिरा हे लंडनचे दोघं फोटोग्राफर 'कंट्री लाइफ' मासिकासाठी घराचे फोटो काढत होते. मुख्य ओकच्या जिन्याचा एक फोटो झाला होता, दुसऱ्याची तयारी चाललेली. कॅमेरा तिपाईवरचा, काचेच्या प्लेटवाला, प्रोव्हँडचं डोकं काळ्या कापडाखाली आणि शिरा फ्लॅश हातात घेऊन बाजूला उभा. त्याच्या सांगण्यानुसार त्याला जिन्यावरून धुरकट, बुरख्यासारखं काहीतरी खाली येताना दिसलं, तो ओरडला, प्रोव्हँडने लेन्सचं झाकण काढलं, शिराने फ्लॅश मारला. प्रोव्हँड कापडाबाहेर येऊन विचारतो काय झालं, त्याने काहीच पाहिलेलं नव्हतं.

नंतर स्टुडिओत प्लेट धुताना आकृती उमटलेली दिसली तेव्हा शिरा धावत खालच्या मजल्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या केमिस्टला साक्षीदार म्हणून वर घेऊन आला. फोटो छापून आला २६ डिसेंबर १९३६ च्या अंकात, आणि नऊ दिवसांतच अमेरिकेत 'लाइफ' मासिकात, ४ जानेवारी १९३७ ला.

फोटो खरा की बनावट?

हॅरी प्राइस म्हणून त्या काळी भुतांचा तपास करणारा प्रसिद्ध माणूस होता, त्याने दोघांना खोदून खोदून विचारलं आणि त्याचं म्हणणं पडलं की गोष्टीत फट सापडत नाही, दोघं मिळून खोटं बोलत असतील तरच, आणि निगेटिव्हवर हात फिरवल्याच्या खुणा नाहीत. पण निगेटिव्ह खरी असणं आणि भूत खरं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच प्लेटवर दोनदा उजेड पडला तरी निगेटिव्ह अगदी अस्सलच दिसणार.

पुढे बारकाईने बघणाऱ्यांनी दाखवून दिलं की प्रत्येक पायरीच्या वर एक फिकट समांतर रेघ आहे आणि उजव्या कठड्याच्या वरच्या टोकाला चमकणारा उजेडाचा ठिपका दोनदा आलाय. म्हणजे जिना दोनदा टिपला गेलाय, मध्ये कॅमेरा किंचित हललाय. मग ती आकृती दोन्हीमधल्या वेळात तिथून गेलेल्या कुणाची, की आणखी कशाची, की लेन्सवरचा डाग, यावर मतं आहेत. काहींना ती आकृती येशूच्या आईच्या, मेरीच्या मूर्तीसारखी वाटते. तुम्ही फोटो मोठा करून बघा, आकृतीला चेहरा नाही, हात नाहीत, डोक्यावरून ओढणी घेतल्यासारखा आकार आणि खाली पसरत गेलेलं पांढरं, त्यातून पायऱ्या आरपार दिसतात. मला विचाराल तर हा दुहेरी एक्सपोजरच आहे, मुद्दाम की चुकून ते आता कळणं कठीण. आणि तरी तो फोटो सुंदर आहे हे मी कधीच नाकारणार नाही.

ही आपल्या हडळीसारखी आहे का? झपाटते का?

नाही. कुणाच्या अंगात येत नाही, काही मागत नाही, उतारा-नारळ काही नाही. या इंग्रजी वाड्यांतल्या बायका, कुठे व्हाइट लेडी, कुठे ग्रे लेडी, ठरलेल्या बोळातून ठरलेल्या वाटेने जातात आणि बघणाऱ्याकडे बहुतेक वेळा लक्षच देत नाहीत. म्हणून तर मॅरियटच्या गोष्टीतलं ते हसणं इतकं अंगावर येतं.

सगळं ख्रिसमसलाच का घडतं?

घडतं असं नाही, सांगितलं जातं. हिवाळ्यात तिकडे दुपारी चारला अंधार, घर पाहुण्यांनी भरलेलं, शेकोटीभोवती बसून भुताच्या गोष्टी सांगायची त्यांची जुनी पद्धत. लॉफ्टसची गोष्ट ख्रिसमसची, आणि फोटो काढला सप्टेंबरात पण छापला ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी.

नॉरफोकमध्ये अजून अशी घरं आहेत का?

आहेत की. ब्लिकलिंग हॉलला म्हणे दर १९ मे च्या रात्री राणी अ‍ॅन बोलिन आपलं तुटलेलं डोकं मांडीवर घेऊन घोडागाडीतून येते, त्या दिवशी १५३६ मध्ये तिचा शिरच्छेद झाला होता. पण आज जे घर उभं आहे ते १६१६ नंतर दुसऱ्याच कुटुंबाने बांधलेलं, अ‍ॅनने ते कधी पाहिलंच नाही, तिच्या माहेरची जागा मात्र तीच.

फेलब्रिग हॉलची गोष्ट मला फार आवडते. विल्यम विंडहॅम, पुस्तकांचा वेडा, १८०९ मध्ये मित्राच्या घराला आग लागली तेव्हा त्याचं ग्रंथालय वाचवायला धावला, त्यात मार लागला आणि पुढच्या वर्षी त्यातच गेला. तो स्वतःच्या लायब्ररीत अजून वाचायला येतो असं म्हणतात.

टाऊनशेंड घराण्याचा आणि आपला काही संबंध आहे का?

आहे, आणि तो भुतापेक्षा जास्त त्रास देणारा आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत-अल-अमाराला जी फौज अडकली ती सहावी पूना डिव्हिजन, आणि तिचा सेनापती मेजर जनरल चार्ल्स टाऊनशेंड, याच घराण्यातला. त्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या, म्हणजे कोकण-देशावरची आपली पोरं, आणि योगायोग बघा, ११० मराठाच्या बरोबर एकाच ब्रिगेडमध्ये नॉरफोक रेजिमेंटची पलटण होती. डिसेंबर १९१५ पासून जवळपास पाच महिने वेढा, धान्य संपलं, घोडे कापून खायची वेळ आली, ते आपल्या बऱ्याच शिपायांनी कितीतरी दिवस तोंडात घेतलं नाही. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. साधारण तेरा हजार माणसं कैदेत गेली, शिपायांना वाळवंटातून पायी चालवत नेलं, हजारो त्यात गेले, आणि सेनापतीला मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात ठेवलं.

या जनरलच्या डोक्यात कायम एक गोष्ट असायची, मार्क्वेसला, म्हणजे घराण्याचा मोठा किताब असलेल्या प्रमुखाला, मुलगा नाही, म्हणजे किताब आणि रेनहॅम हॉल आपल्याला मिळणार. शरणागतीनंतर दोनच आठवड्यांनी, १३ मे १९१६ ला, मार्क्वेसला मुलगा झाला. १९२६ मध्ये जिन्यावर बाई पाहिली म्हणतात तो मुलगा हाच. जनरल १९२४ मध्ये वारला आणि त्याला ईस्ट रेनहॅमच्या चर्चच्या आवारात पुरलंय. रेनहॅमबद्दल बोलताना ब्राऊन लेडीचं नाव सगळे घेतात, या पलटणींचं कुणी घेत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिलं.

आजचे मालक डॉरोथीचे वंशज का?

नाही. किताब चालत आला तो चार्ल्सच्या पहिल्या बायकोच्या मुलाकडून, त्यामुळे डॉरोथी त्यांची सावत्र पूर्वज. अमेरिकेत चहावर कर लावून आगीत तेल ओतणारा मंत्री चार्ल्स टाऊनशेंड हासुद्धा पहिल्या बायकोचाच नातू.

बघायला जाता येतं का?

रेनहॅम हॉल राहतं घर आहे, रोज तिकीट काढून आत जाता येत नाही, कधीतरी मैफिली किंवा ठरवून आखलेल्या भेटी असतात तेव्हाच, त्यामुळे आधी चौकशी करा आणि न विचारता फाटकातून आत शिरू नका. लंडनच्या किंग्ज क्रॉसवरून किंग्ज लिनपर्यंत थेट ट्रेन आहे, तिथून पुढे रस्त्याने तीसेक किलोमीटर. गाडी असेल तर वाटेत हॉटन हॉल लागतं, डॉरोथीच्या भावाने बांधलेलं, ते सीझनमध्ये उघडं असतं. ब्लिकलिंग आणि फेलब्रिग दोन्ही नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहेत, तिथे आत फिरता येतं, आणि फेलब्रिगला गेलात तर लायब्ररीत थोडा जास्त वेळ काढा.